उतू जाण्याआधीची पाच मिनिटे

बिअर करताना वर्ट उकळण्याचा जो टप्पा येतो, तिथपर्यंतचेच काम मी घरी करतो. पुढे यीस्ट घालत नाही, कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर तयार करण्यास मनाई आहे. वर्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजेच माल्टचा, गोड काढा. तो हॉप्स, म्हणजे कडवट चव देणारी एका वेलीची सुकी फुले, घालून उकळायचा आणि न आंबवता गार करून सोड्यासारखा फसफसता प्यायचा, अशी पद्धत कॅरिबियन देशांत आहे. तिथे त्या पेयाला माल्टा म्हणतात. आमच्या कोथरूडच्या घरात ते सर्वांना आवडले, परंतु ते नीट जमेपर्यंत मी ओटा तीन वेळा धुतला.

पहिल्या वेळी माझ्याकडे बारा लिटरचे स्टीलचे पातेले होते. दीड किलो भरडलेले माल्ट मलमलच्या पिशवीत बांधून ६६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवले, पिशवी पिळून काढली आणि वरून थोडे पाणी घालून जवळजवळ नऊ लिटर वर्ट मोठ्या शेगडीवर चढवले. पातेल्याला वर जेमतेम चार बोटे जागा उरली होती. चहा आणि दूध रोज उकळणाऱ्या माणसाला एवढी जागा पुरेशी वाटते, तशी मलाही वाटली. बराच वेळ काहीच घडले नाही, म्हणून मी हॉप्स मोजायला वळलो आणि तेवढ्यात पाठीमागे फसफस असा आवाज आला. पांढरट फेस काठावरून चहूबाजूंनी खाली येत होता. फुंकर मारण्यात दोन-तीन सेकंद घालवल्यावर बटण बंद करायचे सुचले. तोवर बर्नरवर पाक जळून घरभर करपलेल्या गुळासारखा वास सुटला होता. एका बाजूची ज्योत विझलेली होती, हे नंतर लक्षात आले. उतू गेलेल्या पातेल्यात पहिला धोका भाजण्याचा आणि दुसरा विझलेल्या ज्योतीतून गॅस सुटण्याचा असतो. म्हणून आधी बटण बंद करावे, खिडकी उघडावी आणि मगच फडके हातात घ्यावे. बर्नरची झाकणे रात्रभर गरम पाण्यात भिजत ठेवून छिद्रे सेफ्टी पिनने मोकळी करावी लागली. आईने ते सर्व पाहून “अरे, उतू नये, मातू नये” एवढेच ऐकवले.

दुसऱ्या वेळी पातेल्यावर अर्धे झाकण ठेवले, आणि तो उपाय उलटा पडला. झाकणाखाली वाफ कोंडते, फेसाला वरून गार हवा लागत नाही आणि तो आधीपेक्षा लवकर चढतो. शिवाय माल्टमधून निघणारा, शिजलेल्या कोबीसारखा वास असलेला गंधकयुक्त पदार्थ वाफेबरोबर बाहेर जायला हवा असतो, त्यामुळे वर्ट उघडेच उकळावे लागते. पातेल्यावर आडवा लाकडी कालथा ठेवण्याचा घरगुती उपायही करून पाहिला. कालथा गार असेपर्यंत त्याला लागणारे बुडबुडे फुटतात. तो एकदा तापला आणि ओला झाला की फेस त्याच्यावरून निघून जातो. लहान बाळांच्या पोटातील वायूसाठी जे सिमेथिकोनचे थेंब मिळतात त्यांनी फेस बसतो, हे खरे आहे, आणि परदेशात घरी बिअर करणारे ते वापरतातही. मी मात्र औषधाच्या दुकानात हातात घेतलेल्या बाटलीवर शेपूचे आणि बडीशेपेचे तेल असे वाचले आणि ती परत ठेवली. शेपूची चव पेयात येणे मला नको होते.

खरा उलगडा झाला तो एकदा शेजारी उभे राहून सगळी उकळी डोळ्यांनी पाहिली तेव्हा. माल्टमधील प्रथिने वर्ट तापू लागताच पृष्ठभागावर येतात आणि वाफेच्या बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रा धरतात. दुधाची साय वाफ अडवते, साधारण तसाच हा प्रकार. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून थर्मामीटरवर शंभराची वाट पाहत बसलो तर फेस आपल्या आधी वर पोहोचतो. नव्वदच्या पुढे फेस बारीक, दाट आणि पांढरा दिसतो, मग तो तपकिरी पडत फुगू लागतो. तिथे आच कमी करून काही मिनिटे ढवळत राहिले की तो हळूहळू मोडतो आणि खाली नासलेल्या दुधासारखे कण तरंगताना दिसतात. प्रथिने गोठल्याची ती खूण. त्यानंतर तेच वर्ट पाण्यासारखे खळखळ उकळते आणि फारसे फेसाळत नाही. म्हणजे तासाभराच्या उकळीत डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते ते साधारण पाच-सात मिनिटे, आणि नेमक्या त्याच वेळी मी दरवेळी दुसरे काहीतरी करत होतो.

तिसरी चूक हॉप्सची. फेस मोडला म्हणून निर्धास्त होऊन मी हॉप्सच्या सर्व गोळ्या एकदम टाकल्या. त्यांच्या भुकटीच्या कणाकणावर वाफेचे नवे बुडबुडे धरले आणि शांत झालेले वर्ट क्षणात उसळले. आता मी आधी गॅस अगदी मंद करतो, गोळ्या चिमटीचिमटीने सोडतो आणि प्रत्येक चिमटीनंतर फेस बसू देतो.

पातेलेही बदलले. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन वीस लिटरचे, रुंद तोंडाचे, जर्मनचे पातेले घेतले. बिअरच्या कुळातील पेयासाठी जर्मनचे पातेले घेतल्याचा विनोद दुकानदाराला सांगून पाहिला. त्याने शांतपणे वजनकाटा दाखवला. या पातेल्यात आठ लिटर वर्ट घातले की निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहते. माझ्या मते रिकाम्या जागेइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. मोठे पातेले नसेल तर वर्ट कमी करावे, पण निदान एक तृतीयांश पातेले रिकामे ठेवावे. मी त्यातलेही दोन लिटर वर्ट सुरुवातीला बाजूला काढतो. फेस चढू लागला की त्यातले वाटीभर गार वर्ट कडेने ओततो, त्याने फेस लगेच खाली बसतो, आणि उकळताना आटलेले प्रमाणही भरून निघते. हाताशी साध्या पाण्याची फवाऱ्याची बाटली असते. दोन-तीन फवारे फेसावर मारले की बटणापर्यंत हात जाण्याइतका वेळ मिळतो.

गार करण्याबाबत फार सांगण्यासारखे नाही. पातेले सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवावे, वर्ट गाळून स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे, नाहीतर हवेतील यीस्ट आपण न केलेले काम सुरू करते. पिताना दोन भाग वर्टला एक भाग गार सोडा घालतो. मागच्या रविवारी फेस पातेल्याच्या काठाखाली चार बोटांवर येऊन थांबला आणि मोडला. आतल्या बाजूला त्याची तपकिरी कड अजून दिसते, कारण जर्मनचे पातेले घासताना तेवढी जागा मी मुद्दाम सोडली.