रिकामटेकड्यांचा तलाव

सावंतवाडीत संध्याकाळी कुणाला गाठायचं असेल तर फोन करावा लागत नाही. मोती तलावाच्या कठड्याकडेने चालत सुटायचं, तो समोरून येतोच. ज्यांना टाळायचंय तेही येतात, त्याला इलाज नाही.

नवख्याला वाटतं, तळं आधीचंच आणि गाव नंतर काठाला येऊन वसलं. पण हा तलाव १८७४ साली बांधलेला, राजवाड्यासमोर मुद्दाम अडवलेलं पाणी. कोकणात पाणी अडवणं हेच खरं अवघड. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जमिनीला उतार असा आणि जांभा असा सच्छिद्र की पडलेलं पाणी थांबायचं नावच घेत नाही. मे महिन्यात विहिरीत कळशी तळाला आपटते.

मालवणजवळचा धामापूरचा तलाव तर १५३० सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधून घेतला. २०२० मध्ये सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याला मान मिळाला. लग्नकार्य निघालं की लोक फुलांची परडी या तळ्यात सोडायचे आणि सकाळी ती दागिन्यांनी भरून यायची, असं सांगतात. पुढे कुणीतरी दागिने परतच केले नाहीत, तेव्हापासून सगळं बंद. या गोष्टीत मला तळ्यापेक्षा तो ‘कुणीतरी’ जास्त ओळखीचा वाटतो.

धामापूरला अजून काम आहे: शेतीला पाणी, मालवणला पिण्याचं पाणी. काम संपलेल्या तळ्याचं काय होतं ते मुंबईत बघावं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि जुनी तळी हळूहळू नकोशी झाली. पुढे हिवतापाच्या डासांचं कारण मिळालं, मग भराव टाकायला कितीसा वेळ? आता धोबी तलावात ना धोबी, ना तलाव. गोवालिया टँकचं मैदान झालं. १९४२ साली ‘चले जाव’ची हाक तिथूनच घुमली, म्हणून निदान मैदान तरी राहिलं.

मग मोती तलाव कसा वाचला? नळ तर इथेही आले. माझ्या मते तो रिकामटेकड्यांनी वाचवला. ठाण्याचा मासुंदा तलावही त्यांचाच. तलावपाळीवर शेंगा खात बसणारे नसते, तर एव्हाना तिथे काय उभं राहिलं असतं कोण जाणे.

रोज फेरी मारणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तांबडं होतं, तेव्हा वरून माती किती आली याचा अंदाज कठड्यावरच बांधला जातो. पाणी उतरलं की दगडावर शेवाळाची हिरवी रेघ उरते, आणि ती पाण्यापासून कालच्यापेक्षा किती वर आहे हे विती मोजून सांगणारे आहेत. मगर दिसली की निम्मं गाव काठावर जमतं आणि प्रत्येकाला ती थोडी मोठीच दिसलेली असते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काठावर काय उरलंय, यावरून वाद होतात. पालिकेत या मंडळींना कटकटे म्हणत असतील, पण एवढा पहारा पगार देऊनही मिळायचा नाही.

परवा छत्री टेकत चाललेले एक आजोबा मध्येच थांबले. “पाणी वीतभर खाली गेला. दरवाजो कोणी सोडल्यान?”

कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांसोबत आणखी दोघं वळून तावातावाने तलावाचं पाणी सोडायच्या दरवाजाकडे निघाले. मला खरं तर दळण आणायचं होतं, पण गेलो.