मुंबईचे क्राइम पिक्चर सालानुसार बघतोय - आतापर्यंतचा अपडेट

मंडळी, मागे लिहिलं होतं तसं मुंबईत घडणारे गुन्ह्याचे आणि पोलीस तपासाचे पिक्चर मिळतील तेवढे सालाच्या क्रमाने बघणं सुरू आहे. १९५१ च्या बाजीपासून निघालो, आता ब्लॅक फ्रायडेपर्यंत आलोय. वहीत आधी नेहमीचेच कॉलम होते, दिग्दर्शक, कॅमेरामन, लोकेशन वगैरे, पण मध्येच एक कॉलम वाढवला तो म्हणजे गुन्हेगार राहतो कुठे, आणि खरं सांगतो या एका कॉलममुळे सगळी यादीच वेगळी दिसायला लागली.

बाजी हा गुरुदत्तचा दिग्दर्शक म्हणून पहिला पिक्चर. त्यातला बॉस क्लबच्या आतल्या भागात अंधारात बसतो, चेहरा दिसतच नाही, नुसती आकृती आणि आवाज. तो नक्की कोण हे कळतं तेव्हा आपण शहरातल्या एका बड्या इज्जतदार घरात पोचलेले असतो. पाच वर्षांनी आलेल्या सीआयडीत (१९५६, राज खोसला) पण तोच हिशोब, फोनवर खुनाचं ठरतं, वर्तमानपत्राच्या संपादकाचा खून होतो आणि देव आनंदचा इन्स्पेक्टर शेखर जिथे जाऊन पोचतो तो धरमदास समाजात मान असलेला श्रीमंत माणूस. त्याच्या अड्ड्यात गुप्त दरवाजे! वहिदाचं ते नजरेच्या इशाऱ्यांचं गाणं परत एकदा बघाच, ती धरमदासला गुंतवून ठेवते आणि शेखर तिथून निसटायला बघतोय, म्हणजे गाणं चालू असताना सस्पेन्सही चालू आहे. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी त्यात सावल्या काय वापरल्यात, त्या एका गाण्यासाठी मी सारखा पॉज करून बघत होतो.

आणि याच पिक्चरमध्ये रस्त्यावरची मुंबई कोणाच्या वाट्याला आलीय तर जॉनी वॉकरच्या, म्हणजे खिसेकापूच्या. गीतकार मजरूहनी त्या मुंबईवरच्या गाण्यात बिल्डिंग, ट्राम, मोटर, मिल सगळं एका दमात मोजलंय. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, मिलचं काय झालं ते गिरणगावातल्या कुणाला सांगायला नको. तर माझ्या वहीत ५० च्या दशकाची नोंद अशी आहे की छोटा चोर रस्त्यावर आणि मोठा चोर बंगल्यात, आणि तपास म्हणजे रस्त्यावरून त्या बंगल्यापर्यंत जायचं.

६० आणि ७० च्या दशकाबद्दल फार लिहीत नाही, बघितलेत बरेच, पण तिथे अड्डा म्हणजे लाल दिवे आणि सरकत्या भिंतींचा सेट, शहर कुठलंही असलं तरी चाललं असतं.

अर्धसत्य (१९८३) मात्र सावकाश बघितला, मध्ये थांबत थांबत. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, इतकी मराठी माणसं एका हिंदी पोलिसपटामागे उभी आहेत आणि ते पडद्यावर जाणवतं. दिग्दर्शक गोविंद निहलानींनी कॅमेराही स्वतःच केलाय. इथे गुंडांचा दादा रामा शेट्टी लपून राहतच नाही. सदाशिव अमरापूरकर आपल्या जागी आरामात बसलेला असतो, इन्स्पेक्टर वेलणकर (ओम पुरी) त्याची पोरं पकडतो, एका फोनवर ती सुटतात, आणि हा माणूस वर महापालिकेच्या निवडणुकीला उभा! म्हणजे तपासाला कामच उरलं नाही, गुन्हेगार कोण आणि कुठे राहतो हे अख्ख्या एरियाला माहितीये. ओम पुरीच्या चेहऱ्यावर जो कोंडमारा दिसतो तो याचाच आहे असं माझं मत. मला विचाराल तर या यादीत यापेक्षा मोठा पिक्चर अजून आलेला नाही.

मग सत्या, १९९८. इथे कॉलममध्ये पहिल्यांदा लिहिलं, चाळीतली खोली. गँगमध्ये गेलेल्या सत्याच्या शेजारी विद्या राहते, तिच्या घरात आजारी वडील, गाण्याचं काम मिळवायची धडपड, आणि मध्ये फक्त एक दार. भिकू म्हात्रेचं पण तसंच, बाहेर गँग चालवतो आणि घरी बायकोशी कडाक्याचं भांडण. थिएटरातला सीन मी आवाज वाढवून बघितला, आत बॉर्डर पिक्चर चालू आहे, दार अडवून पोलीस उभे, एक गोळी सुटते आणि सगळी पब्लिक दाराकडे धावते. त्यात मरणारे कोण तर पिक्चर बघायला आलेले लोक. ५० च्या पिक्चरमध्ये गर्दी मागे असायची, इथे ती गोळीच्या वाटेत आहे. चौपाटीवरच्या विसर्जनाच्या गर्दीत गँगवाल्या पुढारी भाऊचा खून होतो तेव्हा हे अजून टोचतं.

कंपनीत (२००२) घर शहराबाहेरच गेलं, टोळीवाले मलिक हाँगकाँगला, चंदू केनियात, आणि मुंबईत पोचतात ते फोन. सीआयडीतही फोनच होते हे लिहिताना लक्षात आलं, यावर वेगळं लिहीन कधीतरी.

सध्या ब्लॅक फ्रायडेवर अडकलोय, चांगल्या अर्थाने. १९९३ च्या स्फोटांच्या खटल्याचा निकाल येईपर्यंत कोर्टाने थांबवला होता, इथे रिलीज झाला २००७ मध्ये. झोपडपट्टीतला तो पाठलाग एकदा नुसता पाय बघत बघा, पळणारा दमतो, हवालदार पण दमतात, सगळे चालायला लागतात, परत पळतात, लोकांच्या दारांसमोरून, नळांजवळून, गटारावरून. कॅमेऱ्याला पण तेवढीच वाट मिळते जेवढी त्यांना मिळते. कॅमेरामन नटराजन सुब्रमण्यमचं काम आहे हे, याच्यापुढे स्टुडिओतले पाठलाग बघवत नाहीत.

पुढच्या खेपेला अब तक छप्पन, मग मराठीतले रेगे आणि दगडी चाळ. दगडी चाळमध्ये तर कॉलमचं उत्तर पोस्टरवरच छापलंय, त्यामुळे त्याची जास्त उत्सुकता आहे. आणि १९५४ च्या आरपारची चांगली प्रिंट कुठे असेल तर नक्की सांगा, माझ्याकडची इतकी धुरकट आहे की रात्रीच्या सीनमध्ये टॅक्सी कुठल्या रस्त्याने जाते तेच कळत नाही.