मोडी शिकून काय मिळतं? तुम्ही विचारलंत म्हणून

जमिनीचा उतारा कन्नडात निघतो, पोरं इंग्लिश मीडियमला, आणि तुम्ही मोडी, ती मराठीची जुनी लिपी, शिकून काय करताय? प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतंच. कन्नड मला लिहिता-वाचता येतं, तेव्हा तो मुद्दा नको.

1994 च्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या आमच्या घरात मी न्हाणीची चूल पेटवायला आजोबांचे रुमाल सोडले, कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली. सरपण ओलं होतं. आजी म्हणाली, असू देत की रे, ते काय भात मागतात काय तुझ्याकडं? मी म्हटलं, कुणाला वाचता येतंय ते? तिलाही येत नव्हतं, गप्प बसली. कागद जाड, लवकर पेटायचा नाही, मी एकेक पान चुरगळून घातलं. चार दिवस पुरले.

देवाच्या फळीवर अंथरलेलं एक पान तेवढं राहिलं. वीस वर्षांनी मोडी शिकलो ते त्या पानासाठी. ओळभर रेघ आधी ओढून तिला अक्षरं टांगलेली, शब्द कुठं तुटतो कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पहिली ओळ लावायलाच आठवडा गेला. बैलाच्या खांद्याला सूज आली तर काय लावायचं ते लिहिलंय. हळद, चुना, आणि ‘तिसरे जिनस’ इथं पान संपतं.

तिसरा जिन्नस मी जाळला.

पूर्वी मीच लोकांना सांगायचो की हरवलेलं परत सापडतं, रोझेटाचा दगड 1799 ला मिळाला आणि 1822 ला शांपोलियोंनं इजिप्तची लिपी लावली, आपली ब्राह्मी प्रिन्सेपनं 1837 त लावली. अहो पण ते दगडावर होतं, म्हणून उरलं. आणि मोडी कुठं हरवली होती? भाषा आपलीच, शाळेत शिकवत होते, छपाईला बाळबोध, म्हणजे आत्ताची देवनागरी, सोयीची पडली आणि दोन पिढ्यांत घरात वाचणारं कुणी राहिलं नाही. 2014 ला युनिकोडमध्ये मोडी आली, चांगलंच झालं, पण चुलीत गेलेलं त्यात कुठनं येणार?

प्रत्येक गठ्ठ्यात औषध असतं असं मी म्हणत नाही. लोकांचे कागद लावून दिले त्यात बहुतेक कर्ज नाहीतर साऱ्याच्या पावत्या. बैल तरी कितीजणांकडं उरलेत? आणि तेव्हाचा मी म्हणेल, आजीला गरम पाणी पाहिजे होतं. खरंय ते. तरीपण.

गेल्या महिन्यात एकाचा फोन आला, माळा साफ करतोय, रद्दीवाला दारात उभा आहे म्हणाला. त्याला थांबवून ठेव म्हटलं आणि गाडी काढली.