चौथऱ्याच्या आत

पुतळा कलल्याचा निरोप आला तेव्हा कारणही सोबतच आलं होतं: मेट्रोचं खोदकाम. मुंबईत काहीही कललं की मेट्रोवर ढकलायचं, हे आता ठरूनच गेलंय.

फोर्टमधली एक जुनी संस्था. आवारातला संगमरवरी अर्धपुतळा रस्त्याच्या बाजूला बोटभर झुकलेला. सगळे त्याचं नाक, पगडी, खांदे तपासत होते. चौथऱ्याकडे बघतो कोण? भायखळ्याचा खडा पारशी सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्या पायथ्याशी जलपऱ्या आहेत म्हटलं, तर रोज उड्डाणपुलावरून जाणारेही "काय सांगता!" म्हणतात.

मी चौथरा पाहिला आणि पोटात गोळा आला. चकचकीत काळा ग्रॅनाइट. बारा वर्षांपूर्वी तो लावला तेव्हा मी कंत्राटदाराकडे नवखा सुपरवायझर होतो. मोजमाप वहीत सही माझी.

मामांनी, म्हणजे आमच्या पाथरवटांनी, हातोडीचा दांडा लादीवर आपटला. "बद्द वाजतंय, साहेब."

चेनपुलीने पुतळा उचलून बाजूला ठेवला. मग लाद्या काढल्या. गुळगुळीत पाठीला सिमेंटने धरलंच नव्हतं, अर्ध्या हातानेच सुटून आल्या. आत मूळचे काळ्या दगडाचे घडीव चिरे, मार्च महिन्यात ओलेगच्च. चुन्याच्या दरजांमधून पूर्वी आत गेलेलं पाणी वाळून बाहेर पडायचं. आम्ही त्यावर सिमेंट आणि ग्रॅनाइटचा रेनकोट चढवला. वरच्या फटीतून पाणी शिरत राहिलं, बाहेर पडायला वाट नाही.

चिरे हलवण्याआधी मी खडूने नंबर घातले, उ १, उ २, उ ३. उत्तर बाजू, डावीकडून. सवयच आहे.

सगळ्यात वरच्या चिऱ्यात पुतळ्याची लोखंडी खुंटी होती, शिशात बसवलेली. त्या जुन्या कामासमोर मी उकिडवा बसून राहिलो. शिसं थंड होताना आकसतं, म्हणून ओतल्यावर छिन्नीने ठोकून परत दाबावं लागतं. ठोक्यांच्या खुणा अजून दिसत होत्या. आणि भोक ठणठणीत कोरडं लागतं. थेंबभर ओल असली तर वाफ होऊन तापलेलं शिसं तोंडावर उडतं. ज्याने हे केलं त्याला घाई नव्हती. पण बारा पावसाळे ओल मुरत राहिल्यावर शिसं तरी काय करणार? लोखंड गंजलं, फुगलं आणि चिऱ्याला उभी चीर पाडून पुतळा एका बाजूने उचलला.

नवी खुंटी स्टेनलेस स्टीलची, दरजा पुन्हा चुन्याच्या. एवढं कार्यालयाला पटलं. ग्रॅनाइट मात्र परत हवा होता. "कार्यक्रम आहे, पाहुणे येणार, दगड जुनाट दिसतो." तासभर डोकं फोडलं तेव्हा "बघू" मिळालं. जुना दगड जुनाट दिसतो ही तक्रार मी त्या दिवशी तीन जणांकडून ऐकली.

संध्याकाळी लाद्या टेम्पोत भरताना मामांनी विचारलं, "कुणी केलं होतं हो हे काम?"

"होता कुणीतरी कंत्राटदार," मी म्हणालो. तसं खोटं नव्हतं.

त्यांनी हातातली लादी उलटी केली. पाठीवर मार्करने लिहिलेलं, उ ३. मामांनी लादीकडे पाहिलं, मग बाजूला रचलेल्या चिऱ्यांकडे पाहिलं आणि पोराला दोन कटिंग सांगायला गेले.