ताकद आणि दम

आज सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर धावून आल्यावर आमच्या व्यायामशाळेत दोन मित्रांची बैठकांची कसोटी पाहिली आणि दिवसभर तीच मनात घोळत राहिली. एक जण खांद्यावर १४० किलो घेऊन बैठक मारतो; दुसरा ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन धावतो, पण ६० किलोंपलीकडे जात नाही. मात्र दोघांनी आपापल्या कमाल वजनाच्या निम्मे वजन घेतले, तेव्हा पहिल्याच्या मांड्या पंचविसाव्या बैठकीलाच थरथरू लागल्या आणि धावपटू चाळीस बैठका ओलांडूनही त्याच लयीत श्वास घेत होता.

हा फरक स्नायूंच्या तंतूंचा. वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू प्रचंड जोर लावतात, पण पूर्ण ताकदीने काम करताना त्यांतील क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, साठा सुमारे १० सेकंदांतच बराचसा संपतो. संथ तंतूंत मायटोकाँड्रिया (पेशीतील ऊर्जा तयार करणारे घटक) अधिक आणि केशवाहिन्यांचे जाळे दाट असल्यामुळे ते ऑक्सिजनच्या बळावर दीर्घकाळ टिकतात. (त्यांनाही थकवा येतोच, लांब शर्यतीत ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, आटले की पाय जड होतात.) म्हणून वजन उचलणाऱ्याला कुणी ‘दम नाही’ म्हटले, की मला मनापासून वाईट वाटते.

घामाने निथळत तो वजन उचलणारा मित्र एवढेच म्हणाला, “दादा, उद्यापासून मलाही टेकडीवर घेऊन चला.”