तुम्ही विचारलंत म्हणून : तुमच्या गेमला शेवट किती?

मी हौस म्हणून एक व्हिज्युअल नॉव्हेल केली, हे कळल्यावर लोक पहिल्यांदा हेच विचारतात: 'शेवट किती आहेत?' एकच आहे म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: 'मग निवडायला पर्याय तरी कशाला दिलेत?' दोन्ही प्रश्न मला आवडतात, कारण गेम करताना सगळ्यात जास्त विचार मी याच गोष्टीचा केला. उत्तर मात्र जिन्यात उभ्या उभ्या देण्याइतकं छोटं नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पडद्यावर मागे एक चित्र, पुढे एक-दोन पात्रं, खाली संवादाची चौकट. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. अधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात, त्यातला एक आपण निवडतो. जपानमध्ये वाढलेला हा प्रकार आता जगभर एकेकटी माणसं घरी बसून करतात. माझ्या गेममध्ये करूळ घाटाच्या पायथ्याचं एक एसटी स्थानक आहे. जुलैची रात्र, घाटात दरड कोसळलेली, कोल्हापूरची शेवटची गाडी रद्द. खेळणारा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसलेला असतो. पाच प्रवासी अडकलेत. पहाटे भुईबावडा घाटातून गाडी सोडायला परवानगी मिळते आणि तिथे गोष्ट संपते.

आता गणित बघा. प्रत्येक निवडीपाशी गोष्टीचे दोन रस्ते होतात आणि ते पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत, असं धरू. अशा पाच निवडी ठेवल्या तर शेवट होतात ३२. पण लिहायचे प्रसंग तेवढेच नसतात, वाटेतले सगळे धरले तर ते ६३ होतात. एकदा खेळून जाणाऱ्याला त्यातले दिसतात ६. निवडी दहा केल्या तर शेवट १०२४, प्रसंग २०४७ आणि दिसणारे ११. नोकरी सांभाळून रात्री लिहिणाऱ्या एकट्या माणसाला इतके प्रसंग लिहिणं झेपत नाही, आणि झेपलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. सहा प्रसंगांना द्यायचा वेळ आणि जीव ६३ जागी वाटला जातो. म्हणून अनुभवी मंडळी रस्ते फुटू देतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतात. मी तर रस्ते जवळजवळ फुटूच दिले नाहीत. त्याऐवजी गेमला आठवण दिली.

मी गेम केला तो रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल करायच्या साधनात, आणि त्यात यासाठी फार काही लागत नाही. सुरुवातीला 'डिफॉल्ट' लिहून एक नाव ठरवायचं, समजा 'आजींना खुर्ची', आणि तिथे 'नाही' अशी नोंद करायची. अडकलेल्या पाच जणांत एक आजी आहेत. खेळणाऱ्यानं आतल्या खोलीतली खुर्ची त्यांना दिली की नोंद 'हो' करायची. पुढे हवं तिथे 'इफ' लिहून विचारायचं, खुर्ची दिली होती का? 'डिफॉल्ट'नं ठरवलेल्या नोंदी सेव्ह केलेल्या गेममध्ये जपल्या जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उरलेला गेम खेळला तरी आजींना खुर्ची आठवते. 'डिफाइन' हा वेगळा प्रकार आहे, तो न बदलणाऱ्या गोष्टींसाठी: पात्रांची नावं, त्या नावांचे रंग. नवं शिकणाऱ्यानं हा फरक अगदी पहिल्या दिवशी समजून घ्यावा.

खुर्ची दिली काय आणि न दिली काय, घाटातली दरड जागची हलत नाही. पण मध्यरात्री वीज जाते तेव्हा आजी पिशवीतून मेणबत्ती काढतात. ती त्या खिडकीत आणून ठेवतात, किंवा आपल्याच बाकावर लावतात. प्रसंग एकच, बदलतात ती तीन-चार वाक्यं. तेवढ्यानं खेळणाऱ्याला कळतं की आपण काय केलं ते कुणीतरी लक्षात ठेवलंय. माझ्या मते निवडीचं खरं काम ते आहे. शिवाय अशा रात्री नियंत्रकाच्या हातात असतं तरी काय? घाट मोकळा करणं नसतं. समोरच्याशी कसं बोलायचं, हे असतं. चार-पाच शेवट दिले असते तर ती रात्र खोटी झाली असती.

सगळ्यात जास्त जीव मी एका लहानशा निवडीत ओतला. कॉलेजच्या वयाची एक मुलगी खिडकीशी येते, तिला सकाळी कोल्हापुरात प्रवेशासाठी कागदपत्रं दाखवायची आहेत. पर्याय दोनच: 'कुठं जायचंय तुला?' आणि 'कुठं जायचंय तुम्हाला?' मिळणारी माहिती तीच. पण 'तुला' म्हटलं तर ती मोकळी होते, डोळे पुसते, घरी फोन लावून द्या म्हणते आणि रात्रभर नियंत्रकाला मावशी म्हणते. 'तुम्हाला' म्हटलं तर ताठ उभी राहते, अडकलेल्यांची यादी स्वतः लिहून देते आणि वीज गेल्यावर मोबाइलचा उजेड धरून बाकीच्यांना बाकापर्यंत नेते. यातलं बरोबर कोणतं, हे गेम सांगत नाही, आणि त्यावर मी अडून राहिले. एकदा का बरोबर उत्तर आहे असं वाटलं, की खेळणारा माणसांकडे बघायचं सोडून गुण मोजायला लागतो.

नियंत्रक बाई आहे, हेही असंच आधी ठरवावं लागलं. इंग्रजीत खेळणारा कोण हे गुलदस्त्यात ठेवता येतं. मराठीत 'मी आले' की 'मी आलो' हे पहिल्याच वाक्यात उघड होतं. दोन्ही सोयी द्यायच्या तर तिच्या तोंडची निम्मी वाक्यं दोनदा लिहायची. त्यापेक्षा मी एकच बाई नीट लिहिली.

आणि मग पहाट. गाडीत चढण्याआधी पाचही प्रवासी एकेक करून खिडकीशी येतात. कोण काय म्हणतं, कोण न बोलता जातं, हे रात्रभरच्या नोंदींवर ठरतं. प्रत्येकासाठी मी तीन निरोप लिहिले, म्हणजे सगळे मिळून १५ छोटे तुकडे. पण पाच जणांचे निरोप एकत्र धरले तर २४३ वेगवेगळ्या सकाळी होतात. शेवट एकच आहे, असं मी सांगते ते खरंच आहे, कारण गाडी प्रत्येक वेळी सुटते. दोन मैत्रिणी खेळून एकमेकींशी बोलू लागल्या तर दोघींनी तीच सकाळ पाहिली असेल, असं मात्र क्वचितच.

हे सगळं बोलण्याच्या ढंगावर उभं असल्यामुळे गेम मराठीतच करायचा होता. त्यावर लोक विचारतात, देवनागरी नीट दिसते का? आता दिसते. टॉम रॉथमेल यांचं रेनपाय २००४ पासून आहे, ते फुकट आहे आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतं. देवनागरीत मात्र अक्षरांची जुळणी करावी लागते: 'कि'मधली वेलांटी टाइप होते क नंतर, पण दिसायला हवी क च्या आधी. २०२३ मध्ये ८.१ आवृत्तीत हार्फबझ ही जुळणी करणारी लायब्ररी आली आणि ते काम साधन स्वतः करू लागलं. आपण फक्त फॉन्ट द्यायचा, कारण सोबत येणाऱ्या देजावू सान्समध्ये देवनागरी नाही. 'नोटो सान्स देवनागरी' किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात, म्हणजे गेमसोबत देताही येतात. निवडण्याआधी 'दुसऱ्या', 'विठ्ठल' आणि 'शाळा' हे शब्द पडद्यावर आणून बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श दिसला की मराठी डोळ्याला बरं वाटतं.

चौकटीत दोन-तीन ओळी मावतात आणि आपलं क्रियापद येतं शेवटी. लांब वाक्य दोन चौकटींत मोडलं तर पहिली चौकट अधांतरी लटकते. मग वाचणारा पुढे काय होतं या ओढीनं क्लिक करत नाही, अडकलेलं वाक्य पुरं व्हावं म्हणून करतो. म्हणून एका चौकटीत एक पुरं वाक्य, हा नियम मी पाळला. कुणी कुणाचं बोलणं तोडतं तिथेच तो मोडला. आजी मालवणी बोलतात, त्यांची वाक्यं मी मोठ्यानं म्हणून पाहिली आणि तोंडात बसली तेवढीच ठेवली.

चित्रांचं काम त्या मानानं सोपं गेलं. एकांकिका बघत वाढलेल्या माणसाला एका नेपथ्यात गोष्ट उभी करण्याचं भय वाटत नाही. फलाटाचं एकच चित्र, चार उजेडांत: संध्याकाळ, रात्र, वीज गेलेली, पहाट. क्रिटा या मोफत साधनात ते काढलं. पावसाचा आवाज सतत चालू.

तुमच्यातल्या कुणाला स्वतः काही करायचं असेल, तर रेनपायसोबत 'द क्वेश्चन' नावाचा एक छोटा नमुना गेम येतो, तो आधी उघडा. त्यातली एक निवड गोष्टीचे दोन रस्ते करते. दुसरी फक्त 'बुक' नावाची नोंद बदलते आणि त्या नोंदीचा पुढे उपयोग होतो. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये दोन्ही शोधून काढा. मग तिसरी निवड स्वतः घाला, नुसती नोंद ठेवणारी, आणि तिच्यासाठी अगदी शेवटी एक वाक्य लिहा. ओळ आत सरकवायला टॅब वापरू नका, रेनपायला ते चालत नाही, चार स्पेस द्या. लाँचरमधून, म्हणजे रेनपाय उघडल्यावर येणाऱ्या खिडकीतून, 'लिंट' ही तपासणी चालवलीत की नसलेली चित्रं आणि तुटलेले रस्ते ते दाखवून देतं. नंतर गेम दोनदा खेळा, एकदा ती निवड करून, एकदा न करता, आणि शेवटी तुमचं वाक्य येतं का ते बघा.