गुरुजींच्या मृत्यूदाखल्यातली एक तारीख: माझा अनुभव

मृत्यूचा दाखला काढणं अजिबात अवघड नाही. निघालेला दाखला दुरुस्त करून घेणं हे मात्र भलतंच प्रकरण आहे, आणि ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोकं अजून पुरतं शांत झालेलं नाही. मधेमधे सूर चढला तर सांभाळून घ्या.

गुरुजी आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीतले सगळ्यात जुने सभासद. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून बसत नाही.) हयात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेली आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं मिशनच्या इतिहासात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं केलं. तेव्हापासूनच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या ज्या ज्या नोंदी हाती लागल्या, त्या त्यांनी बारीक अक्षरात उतरवून ठेवल्या. पुण्या-मुंबईहून लोक यायचे, आमचे पणजोबा कोणत्या गावचे ते सांगा म्हणायचे. गुरुजी वही उघडायचे, आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळातलं कुठलं घर वडाळ्याकडचं, कुठलं राहुरीकडचं, ते बोट ठेवून दाखवायचे. चहा मात्र पाहुण्याने आधी संपवायचा, वहीवर सांडलेला चालायचा नाही.

साल-तारखेच्या बाबतीत तर ते कुणाचीच गय करत नसत. मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत आले १८१३ मध्ये आणि सिन्नरजवळ दोडी-दापूरला कॉलऱ्याने गेले २० मार्च १८२६ ला. एकदा एका पाहुण्या उपदेशकांनी भर उपासनेत १८२८ म्हटलं, तर गुरुजी पहिल्या बाकावरून खोकले. दुसऱ्यांदा खोकल्यावर उपदेशकांनी साल दुरुस्त केलं. मिशनच्या शिक्षिका मिस फरार तर त्यांचा खास विषय. शाळेतल्या पोरांना ते सांगायचे, सिंथिया फरार १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या, १८३९ ला नगरला आल्या, १८६२ ला इथेच वारल्या, आणि त्यांच्या मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनी इथे येऊन पाहिल्या, मग १८४८ मध्ये पुण्यात शाळा निघाली.

तर अशा माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर तारीख चुकली.

गुरुजी गेले १५ तारखेला, रात्री बारा चाळीसला. दाखल्यावर आली १४. चूक कशी झाली हे समजायला फार हुशारी लागत नाही. आपण सगळेच 'चौदाच्या रात्री गेले' म्हणतो. रात्र कालच्याच दिवसाची धरायची ही आपली सवय, आणि दवाखान्यात ज्याने फॉर्म भरला त्याचीही तीच. गंमत म्हणजे गुरुजींनी नेमकं हेच शोधून ठेवलं होतं. कबरस्थानातल्या नोंदींची त्यांची एक वेगळी वही होती. एका रकान्यात दगडावरची तारीख, दुसऱ्यात रजिस्टरातली, तिसऱ्यात फरकाचं कारण. त्या तिसऱ्या रकान्यात पानापानावर लिहिलंय, 'रात्रीचा मृत्यू'.

दाखला गुरुजींच्या मुलीच्या, ताईंच्या हातात आला. त्या सुरतेला असतात. पंचमंडळीचा, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीचा, सेक्रेटरी आणि गुरुजींचा विद्यार्थी म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ताईंनी अधिकारपत्र आणि त्यांच्या आधारची सही केलेली झेरॉक्स दिली. हे दोन कागद पहिल्याच दिवशी घ्या, खिडकीवरचा पहिला प्रश्न 'तुम्ही कोण?' हाच असतो.

खिडकीवरचे गृहस्थ उद्धट नव्हते, उलट फार समजूतदारपणे बोलत होते, आणि त्याचाच जास्त राग आला. "एका दिवसाने काय फरक पडतो? गेलेला माणूस तर गेला." मी म्हटलं, साहेब, आम्हाला दगड कोरायचाय. तर म्हणाले, दगडावर तुम्हाला हवी ती तारीख कोरा, दगड आमच्याकडे तपासायला येत नाही. खरं आहे. पण दाखल्यावर १४, चर्चच्या दफन-रजिस्टरात १५ (पाळकसाहेब स्वतः त्या रात्री दवाखान्यात होते), आणि उद्या कुणीतरी गुरुजींसारखंच वही घेऊन येणार, तर त्याच्या तिसऱ्या रकान्यात आम्ही जायचं का? हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. चर्चचा उतारा दाखवला तर तो त्यांनी वाचलासुद्धा नाही, "हा खासगी कागद झाला" म्हणून परत केला.

मग सुरू झालं ते असं. नोंदणी कार्यालय म्हणतं, आम्ही दवाखान्याने पाठवलेलं तसंच चढवलं, त्यांच्याकडून दुरुस्तीचं पत्र आणा. दवाखाना म्हणतो, आमच्याकडून माहिती ऑनलाइन गेली की आमच्या बाजूने ती बंद होते, त्यांनी आधी उघडून द्यावी. नोंदणी कार्यालय म्हणतं, पत्राशिवाय उघडता येत नाही. दवाखाना म्हणतो, ज्या डॉक्टरांनी सही केली ते निवासी डॉक्टर होते, ते सोडून गेले, दुसऱ्याच्या केसवर आम्ही सही कशी करणार? दोन्हीकडे माणसं बसलेली, दोन्हीकडे पंखे चालू, आणि मधल्या रस्त्यावर मी. एकदा वैतागून दोघांना फोनवर जोडून दिलं, तर दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली, जुनी ओळख निघाली, आणि फोन ठेवल्यावर दोघेही मला तेच म्हणाले जे आधी म्हणत होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती मला कुणीच सांगितली नाही, कायदा काढून वाचावा लागला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चं कलम १५ हे दुरुस्तीसाठीच आहे. नोंद चुकीची आहे अशी खात्री पटली की निबंधक ती दुरुस्त करू शकतात. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही आणि तारीख घालायची. म्हणजे 'आता काही होत नाही' हे वाक्य खोटं आहे. होतं. प्रश्न फक्त त्यांची खात्री पटण्याचा. अर्ज लिहिताना कलमाचा आकडा घाला. खिडकीवरचा आवाज लगेच बदलतो असं नाही, पण अर्ज आत जातो. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्का नसेल तर पुढच्या वेळी तुम्ही आलाच नव्हता असं ठरतं.

गाठ सुटली ती साहेबांकडे नाही, दवाखान्याच्या तळघरात. तिथे मेडिकल रेकॉर्डचा विभाग आहे. ट्यूबलाइट लुकलुकते, गठ्ठे महिन्यांप्रमाणे बांधलेले, आणि एक बाई एकटीच बसलेली. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पेपर बघू द्या आधी." आजवर हे वाक्य एकाही माणसाने उच्चारलं नव्हतं! गठ्ठा सोडला, गुरुजींचे केसपेपर काढले. शेवटच्या पानावर सिस्टरांची नोंद होती, वेळ बारा चाळीस, तारीख १५. आणि त्या पानाला पिन लावून ईसीजीची पट्टी. शेवटची, सरळ रेषेची. गुलाबी चौकटी, त्यावरून एक काळी रेघ, आणि वरच्या कडेला मशीनने आपोआप छापलेली तारीख आणि वेळ. मशीनला चौदाची रात्र वगैरे कळत नाही. ती पट्टी हातात धरवत नव्हती आणि सोडवतही नव्हती. गुरुजी असते तर त्यांनी आधी मशीनचं घड्याळ बरोबर होतं का ते विचारलं असतं. म्हणून मी विचारलं. बाई हसल्या, आधीच्या दोन पट्ट्या काढून सिस्टरांच्या नोंदींशी वेळ जुळवून दाखवली.

ही पट्टी थर्मल कागदाची असते, काही महिन्यांत पुसट होते. तुमच्या घरी कुणाची असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा.

त्या बाईंनीच नीट टिपण तयार करून वैद्यकीय अधीक्षकांपुढे ठेवलं. सही करणारे डॉक्टर सोडून गेले तरी संस्थेच्या वतीने अधीक्षक पत्र देऊ शकतात, हेही त्यांनाच ठाऊक होतं. लेटरहेडवर पत्र, गोल शिक्का, मृत्यूच्या माहितीचा दुरुस्त नमुना २, केसपेपरची साक्षांकित प्रत, एवढं घेऊन गेलो. खिडकीवर म्हणाले, आता दोन माहीतगार व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं हवीत, बाँडवर. एक पाळकसाहेबांचं, एक त्या रात्री गुरुजींजवळ थांबलेल्या पुतण्याचं दिलं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. हे मी अर्जाखाली लिहूनच दिलं. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, घेतलं.

नवा दाखला तर लगेच मिळाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. निबंधकबाईंनी मात्र मूळ नोंदीच्या समासातला शेरा मला बोलावून दाखवला. अगदी तसाच, जसा जुने पाळक आमच्या रजिस्टरांत लाल शाईने घालायचे. मला इतका आनंद झाला की मी त्यांना गुरुजींच्या वहीबद्दल सांगत बसलो आणि मागची रांग ओरडायला लागली.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगतो. दवाखान्यातून निघण्यापूर्वी माहितीचा फॉर्म वाचायला मागा. त्या रात्री ते कुणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या लांबच्या, रडत नसलेल्या माणसावर हे काम सोपवा. मृत्यू मध्यरात्रीनंतर झाला असेल तर तारीख मोठ्याने वाचायला लावा. घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून नमुना ४-अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, लागतो, तो त्याच दिवशी घ्या. नोंदणीसाठी २१ दिवस असतात, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. दाखल्याच्या मूळ प्रती सढळ हाताने घ्या. बँक, पेन्शन, विमा, प्रत्येकाला मूळच बघायची असते आणि एकजण तरी ती ठेवून घेतोच. दुरुस्ती झाल्यावर जुन्या तारखेच्या सगळ्या प्रती गोळा करा. ताईंनी एक प्रत पेन्शनसाठी आधीच दिली होती, तिच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागलं.

आणि दगडाचं. कारागीर अक्षरावर पैसे घेतो आणि त्याला घाई असते. तारीख फोनवर सांगू नका. मी दुरुस्त दाखल्याची झेरॉक्स नेऊन दिली, आकडे मराठीत की इंग्रजीत ते लिहून दिलं, आणि कच्चा मसुदा खडूने दगडावर काढून घेतला. ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, तारीख बरोबर आहे, पण दादांच्या (त्या गुरुजींना दादा म्हणतात) जन्मसालाचं काय? शाळेच्या दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं. पंचमंडळीत त्यावर जोरात वाद झाला. शेवटी बाप्तिस्म्याचं साल धरायचं ठरलं, कारण गुरुजींनी स्वतःच्या वहीत स्वतःपुढे तेच लिहिलं होतं. कारागिराला मी सोमवारी छिन्नी लावायला सांगितलंय.